माल पोहोचविण्याची हद्द

स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने यंदा लेखांची मागणी करताना ‘व्यापारातील एखादा नवा अनुभव’ असा विषय सुचविला आहे. धान्याच्या घाऊक व्यापारात नवे ते काय असणार, असा विचार प्रथम मनात आला. जोंधळा तोच, तांदूळ तोच, पोतेही तेच. परंतु गेल्या तीन वर्षांत आमच्या पेढीतून माल बाहेर पडण्याची रीत मात्र पार बदलून गेली. तो बदल कसा घडला आणि त्यात काय गमावले, काय मिळविले, हे जसे घडले तसे लिहावे म्हणजे एखाद्या सभासद-बंधूस त्याचा उपयोग होईल, अशा समजुतीने हे चार शब्द लिहीत आहे.

आमची पेढी बेळगावच्या रविवार पेठेत. शहरातील आणि भोवतालच्या खेड्यांतील किराणा दुकानदार हे आमचे गिऱ्हाईक. वडिलांच्या काळी खेड्यातला दुकानदार बैलगाडी घेऊन पेठेत येई, माल स्वतः पारखून नेई. पुढे गाड्या आल्या, एस. टी. च्या टपावरून पोती गेली, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तर ‘माल दुकानी पोहोचता करा’ हा जणू गिऱ्हाइकाचा हक्कच झाला. त्यासाठी आम्ही दोन गाड्या ठेविल्या आहेत. एक अडीच टनाची मोठी आणि दुसरी, लोक जिला छोटा हत्ती म्हणतात ती, पाऊण टनाची. मोठ्या गाडीवरील चालक आमच्याकडे एकतीस वर्षे होते. त्यांना पेठेत सगळेच मामा म्हणत, मीही म्हणतो. कोणाचे दुकान कोठे, कोणत्या बोळात गाडी शिरते पण वळत नाही, कोणाचा दरवाजा दहाच्या आधी उघडत नाही, कोणाकडे पोती माडीवर चढवावी लागतात, हे सारे मामांच्या डोक्यात. आमच्या दिवाणजींच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि बाकी एवढेच लिहिलेले असे. वाट कोठेच लिहिलेली नव्हती, आणि ती लिहून ठेवावी असे कोणास सुचलेही नाही.

२०२२ सालच्या आषाढात ओल्या पायरीवरून पाय घसरून मामांच्या मांडीचे हाड मोडले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पेढीची अवस्था, वाटाड्या हरपलेल्या यात्रेकरूंसारखी झाली. नवा चालक हुशार होता, हाती मोबाईल होता, त्यात नकाशा होता. परंतु दुकानाचे नाव घातले की नकाशा त्याच नावाचे भलतेच दुकान दाखवी. भाग्यनगरातील क्रॉसचा क्रमांक तेवढा बिलावर लिहिलेला असे, म्हणून गाडी महाद्वार रोडच्या त्याच क्रमांकाच्या क्रॉसवर जाऊन उभी राही. सकाळी सातला निघालेली गाडी रात्री नवाला परत येई, आणि तीतही पाच-सहा पोती तशीच माघारी असत. त्याच आठवड्यात, १८ जुलै २०२२ पासून, पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के कर लागू झाला. गिरण्यांनी पंचवीसऐवजी सव्वीस आणि तीस किलोच्या पिशव्या भरावयास आरंभ केला, आणि गाडीत किती नग बसतात याचा आमचा जुना हिशेबही कोलमडला.

ह्या गोंधळात जे नुकसान झाले ते डिझेलचे नव्हे. जांबोटी रस्त्यावर, किणयेच्या पलीकडे, एका गावी आमचे एक फार जुने गिऱ्हाईक होते. ते खाते माझ्या वडिलांनी उघडलेले. त्या दुकानदाराने गावातील एका लग्नघराचा तांदूळ व तूरडाळ पुरविण्याचा शब्द दिला होता आणि आमच्याकडे चार दिवस आधी मागणी नोंदविली होती. आमची गाडी त्या दिवशी हिंडलग्याकडे गेली, तेथून परत शहरात अडकली, आणि जांबोटी रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला. पावसात पुढे जाऊ नको, असे मीच फोनवर सांगितले. माल दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. तोवर त्या गृहस्थाने दुसरीकडून चढ्या भावाने माल आणून शब्द पाळला होता. त्याने आमची पोती उतरवून घेतली, पैसे चुकते केले, एक शब्दही बोलला नाही, आणि पुढे कधी मागणीही पाठविली नाही. दिवाळीला खतावणी नवी करताना त्या खात्याचे पान कोरे उतरले. भांडून गेलेले गिऱ्हाईक परत येते. मुकाट्याने गेलेल्याचे काय करावे, हे मला आजही कळत नाही.

माझा धाकटा नातू महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, “आजोबा, मामांच्या डोक्यातले नकाशावर उतरवून घेऊ या.” मला ती पोरांची गंमत वाटली. परंतु मामा घरी पडून होते, त्यांनाही वेळ जात नव्हता. आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसू लागलो. गूगलच्या नकाशात ‘माय मॅप्स’ म्हणून एक सोय आहे. तीत आपल्या हव्या त्या ठिकाणी टाचणी रोवता येते, टाचणीला रंग देता येतो, तिच्याखाली चार ओळी टिपणे लिहिता येतात, आणि रेघा ओढून एखादा प्रदेश बंदिस्त करता येतो. नातू टाचण्या रोवी, मामा सांगत आणि मी वही घेऊन पडताळा पाही.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. दुकानाचा पत्ता आणि माल उतरविण्याची जागा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानाचे तोंड गणपत गल्लीत, पण पोती उतरतात मागच्या बोळात. फाटक रस्त्यावर, पण गोदाम परसात. म्हणून टाचणी दुकानाच्या पाटीवर न रोवता, गाडीचे मागचे फळकूट जेथे उघडावयाचे तेथे रोवावी, असा नियम केला. त्याखाली दुकान उघडण्याची वेळ, गाडी कोणती जाईल, हमाल एक की दोन, आणि पैसे रोख की उधार, एवढे लिहावयाचे. ज्या ठिकाणांबद्दल शंका होती तेथे नव्या चालकास पाठविले आणि त्या जागी उभे राहून त्याने आपले ठिकाण व्हॉट्सअॅपवरून कळविले. मामा मधूनच नकाशावर बोट ठेवून म्हणत, “अण्णा, ह्यो रस्ता कागदावर हाय, खरं पावसात नाही.” असे रस्ते आम्ही तांबड्या रेघेने दाखविले. पुढे हीच तांबडी रेघ आम्हांस सर्वांत अधिक उपयोगी पडली.

टाचण्या झाल्यावर विभाग पाडण्याचा प्रश्न आला, आणि येथे आम्ही दोनदा चुकलो. त्या चुका सांगतो, कारण त्या कोणाकडूनही होण्यासारख्या आहेत.

पहिल्यांदा आम्ही पेढीवर कंपासाचे टोक ठेवून तीन, सहा आणि दहा किलोमीटरची वर्तुळे काढली. चित्र देखणे झाले. परंतु गाडी पाखराप्रमाणे उडत नाही. बळ्ळारी नाल्याच्या अलीकडे-पलीकडे असलेली दोन ठिकाणे नकाशावर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दिसतात. पावसाळ्यात नाला फुगला म्हणजे एकातून दुसरीकडे जावयास शहरास वळसा पडतो. शिवाय वर्तुळाच्या कडेवरील दुकाने चहू दिशांस विखुरलेली. दहा किलोमीटरच्या वर्तुळातील दुकाने एका फेरीत घ्यावयाची म्हणजे काकतीहून येळ्ळुरास जाणे आले.

दुसऱ्यांदा आम्ही पोस्टाच्या पिन क्रमांकाचा आधार घेतला. हा क्रमांक आपल्या मराठी माणसाची देणगी आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पोस्ट व तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर सुरू झाली. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा मोठ्या प्रदेशाचा, पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणाऱ्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन त्या पोस्टाचे. आमच्या बेळगावचा ५९०००१, टिळकवाडीचा ५९०००६, खानापूरचा ५९१३०२. योजना उत्तमच, पण ती पोस्टमनच्या सोयीची. त्याच्या थैलीत कागद असतात, आमच्या गाडीत क्विंटल असतात. एकेका पिनखाली खेड्याकडची कितीतरी गावे येतात आणि ती एकाच सडकेवर असतात असे नाही. तेव्हा पिन क्रमांक बिलावर राहू दिला आणि विभागासाठी सोडून दिला.

ह्या सुमारास पर्युषणपर्व आले. मंदिरात श्रावकाच्या व्रतांवर प्रवचन चालू होते. बारा व्रतांतील दिग्व्रत हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले. दाही दिशांस जाण्यायेण्याची, व्यवहाराची मर्यादा आखून घ्यावयाची आणि ती ओलांडावयाची नाही. परंतु ती मर्यादा कशाने आखावी, याकडे माझे लक्ष त्या दिवसापर्यंत गेले नव्हते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे की समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने अशा प्रसिद्ध खुणांनी ती आखावी. म्हणजे जी सीमा कोणासही डोळ्यांनी दिसते, जी विसरता येत नाही, तीच सीमा. मी तेथेच बसल्या बसल्या मनात म्हटले, आपली वर्तुळे फसली ती ह्यामुळे! हवेतल्या रेघेला चालक काय ओळखणार? रेल्वेचा रूळ मात्र त्यास दिसतो, नालाही दिसतो.

धर्माचे व्रत आणि गाडीचा हिशेब एका पंक्तीस बसविणे काहींस रुचणार नाही. व्रत हे लोभ आवरण्यासाठी आहे, नफा वाढविण्यासाठी नव्हे, हे मीही जाणतो. तरी व्यापारी माणसाच्या रोजच्या चुका त्या जुन्या आचार्यांनी किती नेमक्या हेरल्या होत्या, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. दिग्व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत क्षेत्रवृद्धी हा एक. एका दिशेची मर्यादा कापून दुसरीकडे जोडावयाची आणि मर्यादा तेवढीच राहिली असे मनाला समजवावयाचे. आणि दुसरा, आखलेली मर्यादाच विसरून जाणे. ज्या दिवशी आमची गाडी जांबोटी रस्त्याऐवजी हिंडलग्याकडे गेली, त्या दिवशी मी नेमके हेच केले होते. हिंडलग्याच्या एका नव्या गिऱ्हाइकाची मोठी मागणी आली, ती सोडवेना, म्हणून ‘जाता जाता तेवढे टाकून या’ असे मीच म्हटले होते. दोष चालकाचा नव्हता, नकाशाचाही नव्हता.

तिसऱ्या खेपेस आम्ही दिसणाऱ्या सीमा धरल्या. मिरजेकडून येऊन लोंढ्याकडे जाणारी रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, मार्कंडेय नदी आणि बळ्ळारी नाला ह्या चार रेघांनी आमचा प्रदेश आपोआप तुकड्यांत पडला. टिळकवाडीत तर पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे फाटक हीच पत्त्याची नावे आहेत, मग सीमेचा शोध कशास? विभागांचा आकार वर्तुळाच्या कड्यांसारखा न राहता फुलाच्या पाकळ्यांसारखा झाला. देठ पेठेत, आणि प्रत्येक पाकळी एका मोठ्या रस्त्यावर पसरलेली. एक वेंगुर्ला रस्त्याची, हिंडलगा, उचगाववरून शिनोळीपर्यंत. एक खानापूर रस्त्याची, पिरनवाडी व मच्छे धरून, जिला जांबोटीचा फाटा लागलेला. एक शहापूर-वडगावची. एक काकती-होनग्याची, एक सांबरा-सुळेभावीची. टिळकवाडी, अनगोळ व उद्यमबाग मिळून एक. आणि खुद्द जुन्या पेठांची सातवी, तेथे गाडी न नेता भल्या पहाटे हातगाडीनेच माल द्यावा असे ठरले. खडेबाजारच्या गर्दीत गाडी घालणे म्हणजे दोन तासांचा उपवास.

पाकळ्याच का, ह्याचे गणित अगदी सोपे आहे. समजा एक दुकान पेढीपासून नऊ किलोमीटर, दुसरे अकरा किलोमीटर, आणि दोहोंमधील अंतर तीन. दोन्हींकडे स्वतंत्र गाडी पाठविली तर जाऊन येऊन चाळीस किलोमीटर. एकाच फेरीत दोन्ही घेतली तर नऊ, तीन आणि अकरा मिळून तेवीस. सतरा किलोमीटर वाचले. तीच दोन दुकाने पेढीच्या विरुद्ध दिशांस असतील, आणि एकीकडून दुसरीकडे जावयास पेठेतूनच वीस किलोमीटर चालावे लागत असेल, तर एका फेरीत घेऊनही काही वाचत नाही. पेढीपासूनच्या दोन अंतरांची बेरीज करावी, त्यातून आपसांतले अंतर वजा करावे. जे उरते ती बचत. ही रीत क्लार्क आणि राइट नावाच्या दोन गृहस्थांनी १९६४ साली इंग्लंडात मांडली. त्याआधी १९५९ साली अमेरिकेत डॅन्ट्झिग व रॅम्सर यांनी पेट्रोलच्या टाकीगाड्या कोणत्या पंपांस कोणत्या फेरीत पाठवाव्या, याचा शास्त्रीय विचार केला होता. नातवाने हे मला सांगितले तेव्हा मी म्हटले, आमच्या मामांना हे शाळेत न जाता येत होते. परंतु तेही खरे नाही. दहा दुकाने असतील तर ती कोणत्या क्रमाने घ्यावी याचे छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे प्रकार होतात. मामा त्यांतला चांगला प्रकार घेत, सर्वांत चांगलाच घेत असे नाही. वडगावची फेरी ते कायम उलट्या बाजूने घेत आले होते, हे नकाशावर रेघ ओढल्यावर त्यांनीच हसत कबूल केले.

विभाग समान कसे करावे, यावर मात्र घरात बरीच वादावादी झाली. माझ्या चिरंजिवांचे म्हणणे, दुकानांची संख्या सारखी ठेवावी. मी म्हणे, वजन सारखे ठेवावे. शेवटी एक आठवडा घड्याळ लावून पाहिले. गाडी चालण्यात जेवढा वेळ जातो त्याहून अधिक वेळ ती उभी राहण्यात जातो, हे त्यातून निघाले. पोती मोजणे, उतरविणे, बिलावर सही घेणे, मागील बाकी मागणे, आणि गिऱ्हाइकाने दिलेला चहा घेणे. चहा टाळता येत नाही, टाळूही नये. तेव्हा किलोमीटर नव्हे, क्विंटलही नव्हेत, तर घरी परत येण्याची वेळ हेच माप ठरले. सूर्यास्तापूर्वी गाडी पेठेत यावी, एवढाच विभाग. आमच्याकडे काम करणारांपैकी काहींचे रात्रिभोजन वर्ज्य. बाकीच्यांनाही बायकामुले आहेतच.

यानंतर वार नेमले. खानापूर व जांबोटी गुरुवारी, वडगाव मंगळवारी, आणि असेच बाकीचे. ज्या गावचा आठवड्याचा बाजार ज्या वारी, त्याच्या आदल्या दिवशी तेथे माल पोहोचावा अशी काळजी घेतली. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत मागणी कळवावी, नंतर आलेली पुढच्या वारास. पोत्यांवर विभागाच्या रंगाचा खडू आणि उतरण्याचा क्रमांक घालू लागलो. मुंबईचे डबेवाले डब्यावर पत्त्याऐवजी खुणा घालतात, त्याचीच ही धाकटी बहीण. गाडी भरताना शेवटी उतरावयाचा माल प्रथम चढवावयाचा. हे वाचावयास क्षुल्लक वाटेल, पण पूर्वी आमचे हमाल प्रत्येक थांब्यावर चार पोती खाली काढून एक द्यावयाचे आणि पुन्हा चार चढवावयाचे. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्या माणसास ही उलाढाल दिवसातून दहा वेळा करावयास लावणे हा आमचा किती वर्षांचा निष्काळजीपणा होता, हे आता जाणवते. अहिंसेच्या गोष्टी करणाऱ्यांच्या पेढीत हे चालत होते.

गिऱ्हाइकांना हे सारे पसंत पडले असे समजू नये. “आजच पाहिजे” म्हणणारा दुकानदार पुढच्या गुरुवारपर्यंत का थांबेल? हल्ली मोबाईलवरून मागणी घेऊन दुसऱ्या दिवशी किराणा दारात टाकणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्यापुढे ‘आमचा वार गुरुवार’ म्हणणे धाडसाचे. पहिल्या तीन महिन्यांत काही गिऱ्हाइके गेली. चिरंजीव अस्वस्थ झाले आणि त्यांनी सर्वांस रोज माल देण्याचा आग्रह धरला. मी निकराने नाही म्हटले, पण रात्री झोप येत नव्हती हे खरे. पुढे दिसू लागले ते असे की, गाडी ठरल्या वारी, ठरल्या वेळी, एकही खंड न पडता येते म्हटल्यावर दुकानदार आपली खरेदी त्या वाराशी जुळवून घेऊ लागले. ज्याला रोज माल मिळतो तो रोज थोडा मागवितो. ज्याला आठवड्याने मिळतो तो विचार करून मागवितो. उधारीची वसुलीही सुधारली, कारण पैसे मागणारा माणूसही आता ठरल्या वारी दारात उभा असतो. गेलेल्यांपैकी निम्मे परतले. उरलेले परतले नाहीत. दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत.

पावसाळ्याचा नकाशा आम्ही निराळा ठेवितो. आषाढ लागला की तांबड्या रेघा खऱ्या होतात. नाल्यालगतचे रस्ते बंद, आणि कणकुंबीकडे तर पाऊस असा की पोते ताडपत्रीखालीही दमट होते. त्या दिवसांत जांबोटीच्या पलीकडे आम्ही मोठी गाडी पाठवीत नाही. माल जांबोटीपर्यंत जातो आणि पुढचे दुकानदार तेथून नेतात, त्याबद्दल पोत्यामागे त्यांना सूट दिली जाते. दिग्व्रत जन्माचे, आणि त्यातच ठराविक काळापुरती आणखी आखडती मर्यादा घेणे ते देशव्रत. काही आचार्य ते गुणव्रतांत मोजतात, काही शिक्षाव्रतांत. आमच्या नातवाने पावसाळी नकाशाला ‘चातुर्मास’ असेच नाव दिले आहे.

एक सीमा मात्र आम्हांस दिसत नसून मानावी लागते. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी आली की महाराष्ट्र लागतो, चंदगड तालुका सुरू होतो. भाषा तीच, सोयरिकी त्याच, जोंधळ्याची भाकरीही तीच. परंतु पिन क्रमांकाचा पहिला आकडा पाचाचा चार होतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि नाक्यांवरील खोळंबा गेला, तरी बिलाचा नमुना बदलतोच. करपात्र माल पन्नास हजारांवर असला की त्याचे ई-वे बिलही बरोबर लागते. म्हणून त्या पाकळीच्या टोकाला आम्ही निराळी छटा दिली आहे, म्हणजे दिवाणजी बिल करतानाच सावध होतात. नदीनाल्यांनी जी वाट अडविली नाही ती कागदाने थोडी अडते.

ही स्मरणिका इतर गावांच्या बंधूंकडेही जाते. त्यांच्या सीमा त्यांनीच शोधावयाच्या आहेत. गोव्यात मांडवी, जुवारी आणि फेरीबोटींच्या वेळा, हैदराबादेस मुसी, बडोद्यास विश्वामित्री आणि रेल्वे. इंदूरच्या सियागंजात किंवा ग्वाल्हेरच्या दाल बाजारात गाडी बाहेर काढणे हाच निम्मा प्रवास असतो असे तिकडील आप्त सांगतात. तेव्हा तेथे विभागापेक्षा निघण्याची वेळ आधी ठरवावी लागेल. नकाशाला पैसा पडत नाही. पडतो तो वेळ, आणि ज्यास वाटा ठाऊक आहेत अशा माणसाजवळ जाऊन बसण्याची तयारी लागते. तो माणूस धडधाकट आहे तोवरच बसावे.

मामांना पुन्हा गाडी चालविता आली नाही. ते आता पेढीत खुर्चीवर बसून गाडी भरण्याचा क्रम सांगतात. येळ्ळूर वडगावच्या पाकळीत असावे की देसूरमार्गे खानापूर रस्त्याच्या, यावर त्यांचा आणि नातवाचा वाद अद्याप मिटलेला नाही. नकाशा नातवाच्या बाजूने आहे, तरी उन्हाळ्यात गाडी मामा म्हणतात तशीच जाते.

किणयेच्या पलीकडच्या त्या दुकानाची टाचणी नकाशावर आहे. गिऱ्हाईक बंद झाल्यावर टाचणी काढावयाची असा आमचा नियम. नातवाने दोनदा विचारले, मी ती राहू दिली. गेल्या मार्गशीर्षात एका गुरुवारी मी स्वतः गाडीत बसून त्या रस्त्याने गेलो. दुकानात आता मुलगा बसतो. वडील आत झोपले होते, त्यांना उठवू नको म्हटले. त्याने जोंधळ्याची दोन पोती उतरवून घेतली आणि रोख पैसे मोजले. खाते पुन्हा उघडू का, असे मी विचारले. तो म्हणाला, “बघू, अण्णा. पुढच्या गुरुवारी गाडी येणार नव्हं?”

येणार, असे मी सांगितले.